मासेमारीच्या जुन्या जाळ्यांच्या रिसायकलिंगमध्ये शिरताय? आधी माल ओळखायला शिका

सर्क्युलर इकॉनॉमी म्हणजे काय ते सांगत बसत नाही, वेबिनार करून सगळे हुशार झालेत. पण गोव्यात किनाऱ्यावरच्या भंगारात नोकरी हवी असेल तर पहिल्याच दिवशी समोर वास मारणारा जाळ्यांचा ढीग येतो आणि सुपरवायझर विचारतो, यात नायलॉन किती?

मी इथेच अडकले, म्हणून हे जरा खोलात सांगते. कांडाळी जाळी (पाण्यात पडद्यासारखी उभी सोडतात ती) बहुतेक नायलॉनची, ट्रॉलची (बोटीमागे ओढतात ती) बहुतेक एचडीपीईची म्हणजे हाय-डेन्सिटी पॉलिइथिलीन प्लास्टिकची, दोर पीपीचा म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा, वर फ्लोट, खाली शिसं. सगळे सांगतात बादलीत टाका, बुडालं ते नायलॉन, तरंगलं ते एचडीपीई. पण गाठींत हवा अडकली की नायलॉनसुद्धा मजेत तरंगतं! म्हणून छोटा तुकडा कापा, पाण्यात साबणाचा थेंब टाका, तुकडा पाण्याखालीच बोटांनी चुरा आणि मग सोडा. त्यातही पीपी तरंगतं, पॉलिएस्टर बुडतं, तेव्हा नुसत्या बादलीवर विसंबू नका, जुन्या माणसाला दाखवा. एवढी कटकट कशाला? नायलॉन-6 साधारण 220 डिग्रीला वितळतं, एचडीपीई 130 च्या आसपास, दोन्ही एकत्र गेलं तर एकजीव होत नाही, दाणा (वितळवून केलेलं कच्चं प्लास्टिक) कमकुवत निघतो आणि अख्खा लॉट पडेल भावात जातो. शिव्या सॉर्टिंगवाल्यालाच.

ईपीआर म्हणजे माल बाजारात आणणाऱ्या कंपनीवरच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी, त्यासाठी ती रिसायकलरकडून क्रेडिट विकत घेते. 'ईपीआर क्रेडिटवर जाळ्यांचे पैसे सुटतात' म्हणणाऱ्या कोर्सवाल्यांना लांबूनच नमस्कार. 2022 ची ती ईपीआर गाईडलाईन प्लास्टिक पॅकेजिंगसाठी आहे, जाळं म्हणजे पॅकेजिंग नव्हे.

घाबरू नका पण. बी.कॉम.वाल्यालाही इथे जागा आहे, वजनाच्या पावत्या, ओलाव्यापोटी वजनातून केलेली कटती, कुठला माल कुठून आला याची नोंद नीट ठेवणारा माणूस सहजी मिळत नाही. आयटीआय फिटर असाल तर श्रेडरची (जाळ्यांचे तुकडे करणाऱ्या मशीनची) पाती बदलायला शिका, वाळूमुळे ती भराभर बोथट होतात. सुरुवातीचा पगार मात्र कमीच, आणि कपड्यांचा वास घरापर्यंत येतो.

गुरू शोधायचा तर माझ्या मते जाळी विणणारा नाहीतर भंगारवाला, लिंक्डइनवरचा नको. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, तिच्या आधी मे महिन्याच्या शेवटी मालिमच्या किंवा कुटबणच्या जेटीवर जा, दुपारी, चहाच्या वेळेला. सकाळी मासळी उतरत असताना मध्ये गेलात तर कोण उभं करणार नाही.