हिमवादळात अडकलेले मित्र: ही भयकथा लिहिताना मी काय शिकलो

माझ्या पहिल्या हिमवादळाच्या कथेत सहा मित्र हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यातल्या एका घरात अडकतात, बाहेरचं जग संपलेलं असतं आणि बर्फातून कोणीतरी हाका मारत असतं. एका दिवाळी अंकाकडे पाठवलेली ती कथा परत आली. पहिल्या पानावर पेन्सिलीने एकच ओळ लिहिलेली होती: ‘इथे थंडी वाजत नाही.’ तेव्हा फार लागलं, पण ते खरं होतं. मी बर्फ पाहिलाच नव्हता. माझ्या कथेत तो कापसासारखा पडत होता, कारण वाचलेल्या सगळ्या कथांत तो तसाच पडायचा.

आपली भयकथा वाड्यात, कोकणातल्या पायवाटेवर, आषाढातल्या रात्री वाढली. पाऊस आणि काळोख आपल्या अंगातच असतो, बर्फ मात्र शिकावा लागतो. म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की आधी बर्फ खरा करा आणि मग त्यात भूत आणा.

पुढच्या फेब्रुवारीत मी स्पितीतल्या काझाला गेलो. हिवाळ्यात कुंझुमची खिंड बंद असते, म्हणून सिमला-किन्नौरच्या वाटेने. तिथे वहीत उतरवलेल्या गोष्टी मला कुठल्याही पुस्तकाने दिल्या नव्हत्या. नळ गोठलेले, पाणी बादलीने आणायचं. सकाळी गाड्या सुरू होत नाहीत, कारण डिझेल घट्ट झालेलं असतं. बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी लोखंडी शेगडी, एकाच खोलीत पेटते आणि अख्खं घर त्या खोलीत येऊन राहतं; बाकीच्या खोल्या असून नसल्यासारख्या. माझी पात्रं मात्र प्रत्येकी वेगळ्या खोलीत झोपत होती! चार जण, एक खोली, एक बुखारी असं केलं आणि कथेतली निम्मी भांडणं आपोआप सुचली.

सगळ्यात मोठी शिकवण शांततेने दिली. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज शोषून घेतो. अंगणापलीकडून मारलेली हाकसुद्धा विरून जाते. माझ्या जुन्या खर्ड्यात ती हाक समोरच्या डोंगरावरून येत होती. त्या रात्री मला कळलं, की अशा बर्फात हाक स्पष्ट ऐकू आली, तर हाक मारणारा दाराशीच उभा असणार. मला वेगळं काही रचावं लागलं नाही, बर्फाच्या स्वभावातूनच भीती आली.

शरीराचंही तसंच. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की माणूस आधी थरथरतो, बोलणं अडखळतं, साधे निर्णय चुकायला लागतात. अजून खाली गेलं की थरथर थांबते. आणि अखेरीस काही जण अंगावरचे कपडे काढून टाकतात, कारण त्यांना उकडल्यासारखं वाटतं. हे वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेलं लक्षण आहे. माझ्या कथेत मन्या जॅकेटची चेन खाली ओढत एवढंच म्हणतो, ‘गरम होतंय रे, दार उघड ना जरा.’ हे वादळ बोलतंय की गोठत चाललेलं शरीर, ते मी सांगत नाही. पण मला स्वतःला ते ठाऊक आहे.

खऱ्या घटना वाचा, पण जपून. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फ पाहायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या अडकल्या आणि किमान २२ माणसं गेली. गाडीचा सायलेन्सर बर्फाखाली गेला आणि इंजिन चालू राहिलं, तर कार्बन मोनॉक्साईड आत भरतो, त्याला वास नसतो. अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानी प्रदेशात १२ जानेवारी १८८८ ची सकाळ इतकी उबदार होती, की मुलं जाड कपडे न घालताच शाळेत गेली. दुपारी वादळ आलं. यातून कारणं घ्या, क्रम घ्या. त्या माणसांचं मरण मात्र देखावा म्हणून उचलू नका.

आता अमानवी भाग. नियम एकच ठेवा आणि तो मोडू नका. माझ्या वादळाचा नियम असा: ज्याची बाहेर कोणीतरी वाट पाहत असेल, त्यालाच हाक ऐकू येते. हा नियम सापडायला मला चार महिने लागले. जग संपलंय, मग वाट पाहणारं कोण उरलं? शिल्पाला हाक ऐकू येते, तेव्हा तिची आई जिवंत आहे असंही असू शकतं, किंवा वादळ खोटं बोलत असेल. बाकीच्या तिघांना काहीच ऐकू येत नाही, आणि त्याचा अर्थ त्या खोलीत प्रत्येकाला उमगतो.

जगबुडी दाखवायला शहरं पाडावी लागत नाहीत. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. अमेरिकेच्या ईशान्येला जूनमध्ये बर्फ पडला. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मित्रांमध्ये इंग्रज कवी बायरनने भुताच्या गोष्टी लिहायची टूम काढली, आणि अठरा वर्षांच्या मेरीने (पुढे मेरी शेली) ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुरू केली. आभाळ असं का झालंय, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हे कायम आठवतो: पात्रांना कारण कळलं नाही तरी चालतं, लेखकाला ते माहीत असलंच पाहिजे.

लिहायला बसण्यापूर्वी एक तक्ता करा: दिवस, तांदूळ, रॉकेल, लाकूड, कोण काय लपवतंय. ताजा बर्फ वितळवला की पाणी साधारण दहावा हिस्साच मिळतं, म्हणजे तहानेलाही सरपण लागतं. चौथ्या दिवशी चहा करायचा की खोली गरम ठेवायची, या वादात पंधरा वर्षांची मैत्री उघडी पडते. माझ्या मते कथेचं काळीज तिथेच आहे.

बऱ्याच दिवाळी अंकांना साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हवं असतं, त्यामुळे मार्चपर्यंत खर्डा हातात असू द्या. एकदा तो मोठ्याने वाचा.

माझी कथा तिसऱ्या खर्ड्यानंतर छापून आली. वादळ कुठून आलं ते समजावणारी शेवटची दोन पानं मी काढून टाकली होती. आता ती शिल्पा कडीवर हात ठेवते तिथे थांबते. आत बुखारी विझत आलेली आहे आणि पहिल्यांदाच चौघांनाही हाक ऐकू येते.