ईसीटू सर्व्हर स्वतःच लहान-मोठा कसा करावा

ईसीटू म्हणजे ॲमेझॉनकडून भाड्याने मिळणारा सर्व्हर. त्यावरची साइट मंदावली की थेट मोठा सर्व्हर घेण्याआधी नेमके काय कमी पडते आहे ते पाहा. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेमध्ये सीपीयूचा आलेख आपोआप मिळतो, मेमरीचा मिळत नाही. त्यासाठी एजंट (माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम) बसवावा लागतो किंवा सर्व्हरवर ‘फ्री’ ही कमांड चालवावी लागते. हे पाहणे फार महत्त्वाचे, कारण टी३ स्मॉल या सर्व्हरच्या प्रकारावरून टी३ मीडियमवर गेलात तर मेमरी २ जीबीची ४ होते, पण सीपीयू तेवढाच राहतो: दोन्हींत २ व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) आणि दोन्हींत प्रत्येक व्हीसीपीयूची सतत वापरता येणारी हक्काची क्षमता २० टक्केच. अडचण सीपीयूची असेल तर हा खर्च वाया जातो.

१. सर्व व्हॉल्यूमचे (सर्व्हरला जोडलेल्या डिस्कचे) स्नॅपशॉट, म्हणजे बॅकअप प्रती, घ्या. इन्स्टन्स स्टोअरवर (काही प्रकारांत मिळणाऱ्या तात्पुरत्या डिस्कवर) काही ठेवले असेल तर ते आधी हलवा. सर्व्हर थांबवला की तिथला डेटा कायमचा जातो.

२. इलास्टिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) जोडलेला आहे ना, बघा. नसेल तर थांबवून सुरू केल्यावर पत्ता बदलतो आणि डोमेन जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, त्यामुळे चालू सर्व्हरवर इलास्टिक आयपीचा वेगळा भुर्दंड नाही.

३. सर्व्हर ‘स्टॉप’ करा. ‘रीबूट’ने काम होत नाही. मग ॲक्शन्स, इन्स्टन्स सेटिंग्ज, चेंज इन्स्टन्स टाइप. नवा प्रकार निवडा आणि सुरू करा. टी३वरून टी४जीवर मात्र असे जाता येत नाही, त्यात एआरएम हा वेगळ्या जातीचा प्रोसेसर असतो. ‘पुरेशी क्षमता नाही’ अशी चूक आली तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा किंवा दुसरा प्रकार घ्या.

४. डेटाबेसला नव्या मेमरीची वाट दाखवा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा इनोडीबी बफर पूल (डेटा मेमरीत ठेवायची जागा) मूळ सेटिंगमध्ये १२८ एमबीच असतो. मेमरी दुप्पट झाली म्हणून तो वाढत नाही, तो तुम्हीच वाढवायचा. पुढे सर्व्हर लहान करताना हाच पूल आधी कमी करा, नाहीतर मेमरी संपून लिनक्स डेटाबेसच बंद पाडतो.

५. डिस्क वाढवायला सर्व्हर थांबवावा लागत नाही. व्हॉल्यूम्समध्ये ‘मॉडिफाय’ करून ३० जीबीचे ४० करा. इथेच बहुतेकजण थांबतात आणि ‘जागा वाढलीच नाही’ म्हणतात. सर्व्हरच्या आत जाऊन आधी ‘ग्रोपार्ट’ कमांडने पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, वाढवा (डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांमध्ये स्पेस हवी), मग त्यावरची फाइल सिस्टिम (फाइली ठेवण्याची रचना): ईएक्सटी४साठी ‘रीसाइझ२एफएस’, एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर ग्रोपार्टलाच तात्पुरत्या फाइलसाठी जागा मिळत नाही आणि ते अडते. काही जुने लॉग आधी काढून टाका.

वाढवलेला व्हॉल्यूम पुन्हा लहान करता येत नाही. नवा लहान व्हॉल्यूम घेऊन सगळा डेटा त्यावर उतरवणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून मेमरी आणि सीपीयू सणासुदीपुरते खुशाल वाढवा, डिस्क मात्र १०-१० जीबीनेच.