आधी पुस्तकातला बिबट्या बघा

मुलांसाठी प्राण्यांचं पुस्तक घेताना मी किंमत नंतर बघते. आधी बिबट्याचं पान काढते. पाठीवर नुसते भरीव काळे ठिपके असतील, डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली असेल आणि खाली ‘बिबट्या’ लिहिलेलं असेल, तर पुस्तक परत ठेवते. तो चित्ता आहे. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर फुलं असतात: कडेनं काळ्या पाकळ्या आणि मधे मोकळी पिवळी जागा. उलटी चूकही तितकीच दिसते, चित्र बिबट्याचं आणि नाव चित्त्याचं. चित्ता भारतातून संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं होतं, आणि २०२२च्या सप्टेंबरात तो आफ्रिकेतून मध्य प्रदेशातल्या कुनोला आणला गेला. आमच्या मुलांनी तो कधी पाहिलेला नाही. बिबट्या मात्र त्यांच्या घरामागच्या उसात असतो.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, आणि पत्र्याची एक पेटी भरून पुस्तकं. या पेटीतली पहिली खेप मी एका प्रदर्शनातून मुखपृष्ठं बघून उचलली होती. त्यातल्या एका पुस्तकात बिबट्याच्या जागी चित्ता निघाला. तिसरीतल्या एका मुलानं चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बाई, आमच्या उसातलं वाघरू असं नाही.” त्या दिवशी त्याच पुस्तकातलं व्हेलचं पान वाचायला मला धीर होईना. जे मुलाला माहीत आहे तेच चुकलेलं असेल, तर जे त्याला कधीच पडताळता येणार नाही, ते त्यानं कशाच्या भरवशावर खरं मानायचं?

म्हणून पहिली गोष्ट ही करा: तुमच्या मुलाला रोज दिसणारा एक प्राणी ठरवा आणि पुस्तक त्याच्यावर पारखा. शहरात राहत असाल तर कावळा घ्या. इमारतींभोवती दिसणाऱ्या कावळ्याची मान राखाडी असते. सगळाच्या सगळा काळा असतो तो डोमकावळा. चित्रकारानं ती राखाडी मान रंगवली असेल तर त्यानं खिडकीतून बाहेर बघितलंय असं समजा. घराजवळ झाडं असतील तर खार बघा. आपल्या खारीच्या पाठीवर पट्टे असतात, रामाची बोटं उमटल्याची गोष्ट आजी सांगते ते. भाषांतरित पुस्तकांत बहुतेक वेळा तांबूस, झुपकेदार शेपटीची, थंडीसाठी ओकची फळं पुरून ठेवणारी खार येते. ती परदेशातली म्हणून वाईट नाही, पण पुस्तकानं तसं सांगायला हवं. आणि शेजारी भीमाशंकरचं शेकरू असलं तर उत्तमच. तो आपला राज्यप्राणी आहे, आणि आमच्या मुलांना एका दिवसात जाऊन बघता येतो.

दुसरी पारख पावसाची. पुस्तकात वर्षभराचं चित्र असेल तर त्यात पावसाळा शोधा. वसंत, उन्हाळा, पानगळ आणि बर्फ असे चारच ऋतू सापडले तर ते वर्ष आपलं नाही. अशा पुस्तकात बेडूक थंडीत झोपतो. आमच्याकडचा बेडूक कोरड्या दिवसांत जमिनीखाली दडून बसतो आणि पहिल्या मोठ्या पावसात खाचरांतून पिवळेधमक नर ओरडायला लागतात. हे दृश्य मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण पुस्तकात त्यांना ते सापडत नाही.

बाकीच्या चुका झटकन दिसतात. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर उभे असतील (एक दक्षिणेकडचा, दुसरं उत्तरेचं), साप दूध पीत असेल, वटवाघूळ पक्ष्यांच्या पानावर असेल, सिंह घनदाट जंगलात राज्य करत असेल, तर थोडं थांबा. सापाच्या पुस्तकात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चौघं विषारी म्हणून वेगळे ओळखता यायला हवेत आणि धामण बिनविषारी म्हणून. आमच्याकडे उंदरांवर जगणारी धामण केवळ गैरसमजातून मारली जाते. चांगलं पुस्तक तिचा जीव वाचवू शकतं, हे मी गंभीरपणे म्हणते आहे.

आता सुगरणीचं. इथे मला जरा थांबायचं आहे.

मराठीत ‘सुगरण’ हे नावच बाईचं. खोपा विणणारी ती, हे आपण गृहीत धरतो. बहुतेक बालपुस्तकंही तसंच लिहितात. प्रत्यक्षात खोपा नर विणतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या डोक्यावर पिवळी टोपी चढते, तो गवताच्या किंवा उसाच्या पात्याला चोचीनं चीर पाडून लांब पट्टी ओढून काढतो, आणि फांदीच्या टोकाला, बऱ्याचदा विहिरीवर झुकलेल्या बाभळीला, विणायला घेतो. खोपा अर्धा झाला, उलट्या टोपीसारखा दिसायला लागला, की माद्या येऊन आत शिरून बघतात. पसंत पडला तर तो खाली नळी जोडून पुरा करतो. नाही पडला तर तसाच लोंबत राहतो. म्हणून एका बाभळीवर इतके अर्धवट खोपे दिसतात.

मग बहिणाबाईंचं काय करायचं? त्यांच्या कवितेतली सुगरण पिलांत जीव अडकलेली आई आहे. मी ती कविता चुकीची म्हणून बाजूला ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. आधी कविता म्हणायची, दोनदा, चालीवर. ती बाईच्या कष्टांची आणि हुशारीची कविता आहे, आणि त्या अर्थानं तिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मग दुसऱ्या दिवशी मुलांना विहिरीपासून लांब उभं करून (कठड्याजवळ एकालाही जाऊ द्यायचं नाही) पंधरा मिनिटं खोप्याकडे बघायला लावायचं: विणणाऱ्याच्या डोक्यावर टोपी आहे की नाही? परत येऊन माहितीचं पुस्तक उघडायचं. कविता एक काम करते, माहिती दुसरं, आणि आठ वर्षांच्या मुलाला हा फरक व्यवस्थित कळतो. वाऱ्यानं पडलेला एक अर्धा खोपा आमच्या वर्गात टांगलेला आहे. नव्या मुलांना त्याची गोष्ट जुनी मुलंच सांगतात. कोकिळेचंही असंच: ‘कुहू’ करून गाणारा काळा पक्षी नर असतो, मादी तपकिरी आणि अंगावर ठिपके असलेली. मराठी पुस्तकांत मात्र ‘कोकिळा गाते’.

वाचायचं कसं, याची माझी पद्धत साधी आहे. आधी मजकूर झाकते आणि फक्त चित्र दाखवते. “हे कुठे बघितलंय?” एवढंच विचारते. घाई करत नाही. पश्चिमेकडच्या डोंगरातून आलेली महादेव कोळी आणि ठाकर मुलं वर्गात एरवी गप्प बसतात, पण या प्रश्नाला सगळ्यात आधी त्यांचे हात वर होतात. पुस्तकात किंगफिशर असेल तर मी खंड्या म्हणते, आणि मुलांच्या घरी आणखी वेगळं नाव असेल तर ते त्याच पानावर पेन्सिलीनं लिहून घेते. मग मोठ्यानं वाचते. एखादं वाक्य वाचताना जीभ अडखळली तर ते वाक्य मी तिथल्या तिथे माझ्या बोलीत सांगते. भाषांतर ओढूनताणून केलेलं असलं तरी पुस्तक टाकून देत नाही. वाचून झालं की शक्य असेल तर त्याच दिवशी बाहेर.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक लिफाफा चिकटवलेला आहे. त्या पुस्तकातला प्राणी किंवा झाड दिसलं की मूल चिठ्ठी लिहून त्यात टाकतं: तारीख, जागा, काय करत होता. तीन ओळी पुरे. पक्ष्यांच्या पुस्तकाचा लिफाफा आता दोनदा बदलावा लागलाय. घरी एकच मूल असलं तरी हे जमतं. एकच पथ्य पाळा: चिठ्ठीतलं शुद्धलेखन तपासू नका. एकदा मी लाल पेन चालवलं आणि महिनाभर चिठ्ठ्या आल्या नाहीत.

फुलपाखराचं पुस्तक वाचणार असाल तर आधी कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं रोप कुंडीत लावा. लिंबावरच्या फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर अंडी घालते. बाहेर आलेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. काडीनं हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास येतो. मुलांना हे फार आवडतं, पण दिवसातून एकदाच करू द्या. मग अळी काडीला रेशमाच्या एका धाग्यानं स्वतःला बांधून घेते आणि कोशात जाते. इथे पुस्तकातलं चित्र समोर धरा. फुलपाखरू पांढऱ्या रेशमाच्या गुंडाळीतून निघताना दाखवलं असेल तर ते रेशीमकिड्याच्या पतंगाचं चित्र चुकून इथे आलंय. फुलपाखराचा कोश उघडा असतो, वाळक्या पानासारखा. आमच्या चौथीतल्या मुलींनी त्या पानावर स्वतः काढलेलं कोशाचं चित्र चिकटवलंय. चुकीचं चित्र फाडायचं नाही, बरोबर चित्र शेजारी लावायचं, असा आमचा नियम आहे.

भीतीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या तालुक्यात बिबट्यानं माणसं नेली आहेत, लहान मुलंही. म्हणून बिबट्याचं लाडोबा मांजर करणारं पुस्तक मी वाचत नाही, आणि त्याला दुष्ट करणारंही नाही. मला हवं असतं ते पुस्तक तो उसात का राहतो हे सांगतं: ऊस उंच, दाट आणि कित्येक महिने उभा असतो, पाणी जवळ, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. मादी उसातच पिलं घालते. तोडणी सुरू झाली की पिलं उघडी पडतात. मग वनखात्याची माणसं ती त्याच रानात ठेवून लांबून लक्ष ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. ही गोष्ट सांगून झाली की त्याच बैठकीत नियम सांगायचे: अंधार पडताना एकट्यानं जायचं नाही, बोलत किंवा गाणं लावून चालायचं, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहायचं नाही. माहिती आणि सावधगिरी एकाच वेळी दिली की मुलं रात्री घाबरून उठत नाहीत, हा माझा अनुभव आहे. पण ज्या घरात असं काही घडलंय, त्या घरचं मूल वर्गात असेल तर हे पुस्तक सगळ्यांसमोर काढू नका. त्या मुलाच्या शेजारी बसा, पुस्तक त्याच्या हातात द्या, आणि ते उघडायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.

पर्यावरणावरची पुस्तकं निवडताना मी सगळ्यात कडक असते. झाड रडतं, मूल ओशाळतं, शेवटी सगळे शपथ घेतात, अशी पुस्तकं ढिगानं आहेत आणि मुलं ती ऐकतात तीही शपथ ऐकावी तशीच, हाताची घडी घालून. त्याऐवजी एकाच नदीचं, एकाच झाडाचं, एकाच ओढ्याचं पुस्तक शोधा. कुकडीचं पाणी माणिकडोहच्या धरणातून कुठे जातं आणि निघोजला त्याच नदीनं खडकात रांजणखळगे कसे कोरले, हे ज्या मुलाला समजलं, ते पाण्याबद्दल स्वतःहून विचारायला लागतं. पृथ्वी जळते आहे, सगळं संपणार आहे, असं सांगणारं पुस्तक पहिली-दुसरीला देऊ नका. त्या वयात मुलाच्या हातात काहीच करण्यासारखं नसतं, आणि नुसता धाक उरतो.

पुस्तकं मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. मी पावसाळ्याआधी पाच-सहा छापते आणि कडेनं शिवते. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक कुणाच्या माळ्यावर सापडले तर रद्दीत जाऊ देऊ नका.

पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, नाहीतर पावसाळ्यात कसर लागते. मे महिन्यात पेटी शाळेत कुलुपात ठेवू नका. मी प्रत्येक मुलाबरोबर दोन पुस्तकं आणि दहा कोऱ्या चिठ्ठ्या घरी पाठवते. सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या दिवशी हजेरीआधी लिफाफे उघडतो. गेल्या वर्षी सापाच्या पुस्तकातून एक चिठ्ठी निघाली: ‘३० मे. गोठ्यात धामण. दादा काठी आणायला गेला. मी पान दाखवलं. गेली उसात.’