वेलींची खोपी वर दाट, खाली उघडी? माझा उपाय

मुलांसाठी बांबूच्या काठ्या वर एकत्र बांधून खोपी केली, त्यावर मायाळू आणि वाल चढवला. वेली सरळ टोकाला जाऊन तिथेच गुंता करायच्या. खालचा भाग उघडा, आत ऊन. जास्त बिया लावल्या, शेणखत वाढवलं, फरक नाही. फार वैताग आला.

लागू पडलं ते असं. आधी दाराची जागा सोडून, जमिनीपासून वीत-वीत अंतरावर सुतळीचे आडवे फेरे बांधले. वेलीला पाच-सहा पानं येताच शेंडा खुडला. शेंडा गेला की पानांच्या बगलेतून फांद्या फुटतात. त्या वीतभर झाल्यावर सर्वांत खालच्या सुतळीवर आडव्या वळवून सैल बांधल्या. वाल मोकळा सोडला तर पुन्हा वरच वळतो, म्हणून बांधायलाच हवं. खालचा फेरा पानांनी झाकल्यावरच पुढच्या फांद्या वरच्या फेऱ्यावर सोडल्या. हा क्रम मोडू नका.

मायाळूचे खुडलेले शेंडे भाजीला चालतात. गुंज आणि कळलावी मात्र इथे अजिबात नको, दोन्ही विषारी आहेत. वालाचे कच्चे दाणेही मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.