हाँगकाँगमध्ये क्लेम रिजेक्ट झाला? जेआर टाकताना या चुका टाळा

हाँगकाँगला निर्वासितांचा १९५१ चा करार लागू नाही, त्यामुळे क्लेम, म्हणजे "मायदेशी परत पाठवलं तर जिवाला धोका आहे" असा अर्ज, पास झाला तरी मिळतं ते एवढंच की तुम्हाला त्या देशात परत पाठवणार नाहीत. २०१४ पासून सगळे क्लेम एकाच स्क्रीनिंगमधून जातात, आधी इमिग्रेशन, मग टॉर्चर क्लेम्स अपील बोर्ड, आणि बोर्डानेही नाही म्हटलं की हायकोर्टात जेआर, म्हणजे ज्युडिशियल रिव्ह्यू (बोर्डाच्या निकालाची कोर्टाकडून तपासणी). इथल्या मराठी माणसाकडेही "हिंदी येतं ना, जरा बघा" म्हणत पंजाबकडचं कुणीतरी कागद घेऊन येतंच, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फॉर्म ८६ मध्ये (जेआरची परवानगी मागायचा अर्ज) आपली कहाणी परत पहिल्यापासून लिहायची. जमिनीचा वाद, चुलत्याने दिलेली धमकी, परत गेलो तर मारतील, बस्स. अहो, जज ही केस नव्याने ऐकत नाही, तो फक्त बघतो की बोर्डाने कायद्यात किंवा प्रक्रियेत काही चुकवलं का. समजा बोर्ड म्हणालं की भारत एवढा मोठा आहे, मुंबईला जाऊन राहा. त्यावर "मुंबईत भाडं परवडत नाही" एवढंच लिहून काही होत नाही, पण ती माणसं दुसऱ्या शहरातही शोधत आली होती असं तुम्ही सुनावणीत सांगितलं असेल, कागदही दिला असेल, आणि निकालात त्याचा साधा उल्लेखही नसेल, तर तो मुद्दा आहे, त्या परिच्छेदाचा नंबर टाकून लिहा. त्यासाठी निकाल पूर्ण वाचून घ्या, शेवटचं पान बघून रडत बसू नका.

दुसरं, चॅलेंज बोर्डाच्या निकालाला करायचं, इमिग्रेशनच्या नाही, अपील झालं की तो जुना निकाल मागे पडतो.

एजंटकडून विकत घेतलेले रेडिमेड मुद्दे तर टाकूच नका. "उच्च दर्जाची न्याय्यता पाळली नाही" असं एक वाक्य, फक्त नाव बदललेलं, पैसे मात्र पूर्ण. असली वाक्यं जजने ढिगाने वाचलेली असतात, तुमच्या केसमध्ये नेमकं काय अन्याय्य झालं ते त्यात कुठेच नसतं.

मुदत तीन महिने, तीही निकालाच्या तारखेपासून, आणि खरं तर "लवकरात लवकर". लीगल एडचं उत्तर यायचंय म्हणून थांबलो, हे कारण आपोआप चालत नाही. उशीर झालाच तर का झाला ते पुराव्यासकट लिहा.

निकालानंतर गावाकडे काही नवीन घडलं असेल तर ते जेआरमध्ये कोंबू नका. परिस्थिती खरंच बरीच बदलली असेल तर इमिग्रेशनकडे नवीन क्लेमची लेखी परवानगी मागायची, तो रस्ता वेगळा आहे.

आणि अजून एक जुना समज, "अपील टाकलं की कोणी हात लावत नाही". ७ डिसेंबर २०२२ पासून धोरण बदललंय, हायकोर्टाच्या पहिल्या पायरीवर जेआर फेटाळला की वर अपील पडून असलं तरी इमिग्रेशन साधारणपणे परत पाठवू शकतं. वरच्या कोर्टात जायला १४ दिवस असतात, पण जो काय जोर लावायचा तो पहिल्याच फॉर्ममध्ये लावा.