ऑनलाइन पोकर: तीनपत्तीच्या सवयीने सुरुवातीलाच चिप्स जातात, या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात घरोघरी झोके बांधले जातात आणि ओट्याओट्यावर पत्ते निघतात. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोराला पत्ते वेगळे शिकवावे लागत नाहीत. अडचण नेमकी तिथेच होते. पोकरचं ॲप उघडलं की तो सरळ डावाला बसतो, तीनपत्तीच्या अंदाजाने चाल करतो आणि फुकट मिळालेल्या चिप्स अर्ध्या तासात संपवतो. मग दोष नशिबाला किंवा ॲपच्या वाटपाला दिला जातो. खरं कारण साधं असतं: तीनपत्तीत जे बरोबर, त्यातलं बरंच टेक्सस होल्डेममध्ये, म्हणजे ॲपवरच्या नेहमीच्या पोकरमध्ये, चूक आहे. यात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडतात, आणि या सातांतून सगळ्यात चांगली पाच धरायची.

पोकरमध्ये झटपट पुढे जायचं असेल तर पहिल्या चाळीस-पन्नास डावांत तीनच कामं करायची. फालतू पानं टाकून द्यायची, समोरचे कसे खेळतात ते बघायचं, आणि चांगली पानं आली की त्यांची पूर्ण किंमत वसूल करायची. घाई करणारा यातलं पहिलंच काम करत नाही.

आधी पैशांचं

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून इथलं सगळं फुकट चिप्सच्या टेबलांबद्दल आहे, मित्रांच्या खासगी टेबलाबद्दल आहे.

ग्रुपवर कोणी ‘यूपीआय कर, चिप्स टाकतो, जिंकलास की परत देतो’ म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका. तिथे पैसे अडकले तर कोणाकडे दाद मागणार? आणि घरात कोणी या नादात कर्ज काढायला लागलं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लक्षात ठेवा. लाज बाळगायचं काही कारण नाही.

पानांची किंमत उलटी लागते

सर्वांत जास्त चिप्स इथे जातात. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, आणि ट्रेल सगळ्यांच्या वर. पोकरमध्ये खालून वर क्रम असा: नुसतं मोठं पान, एक जोडी, दोन जोड्या, एकाच किमतीची तीन पानं, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस, एकाच किमतीची चार पानं, आणि सगळ्यात वर एकाच रंगाचा (उदा. सगळी बदाम) सिक्वेन्स. फुल हाउस म्हणजे एकाच किमतीची तीन पानं आणि सोबत एक जोडी. म्हणजे कलर सिक्वेन्सला मारतो, आणि आपली लाडकी ट्रेल या दोघांच्याही खाली येते.

यामागे गणित आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून तो मोठा. पाच पानांचे संच २५,९८,९६० होतात. त्यात सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८ आणि तीन सारख्या पानांचे संच तब्बल ५४,९१२. पानं वाढली की दुर्मिळपणाचा क्रम फिरतो.

एक उदाहरण घ्या. तुमच्या हातात इस्पिकची आणि किलवरची अठ्ठी आहे. फ्लॉपला, म्हणजे टेबलावर एकदम उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, बदामची अठ्ठी, नव्वी आणि दश्शी उघडली. तीनपत्तीवाल्याला वाटतं, तीन अठ्ठ्या लागल्या, आता सगळं लावू. पण हातात दोन बदाम असलेला कोणीही इथे पुढे आहे. छक्की-सत्ती, सत्ती-गुलाम, गुलाम-राणी यांपैकी काही असलेलाही पुढे आहे. तुमचं फुल हाउस किंवा चौथी अठ्ठी शेवटपर्यंत साधारण तीनात एकदा लागते. तेव्हा समोरच्याने थोड्याच चिप्स लावल्या तर कॉल करा, म्हणजे तेवढ्याच भरा, पण स्वतःहून ऑल-इन करू नका, म्हणजे सगळ्या चिप्स लावू नका.

एक्का-दुर्री-तिर्रीचंही तसंच. तीनपत्तीत हा सिक्वेन्स बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या नंबरचा मानतात. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात लहान सिक्वेन्स आहे. आणि राजा-एक्का-दुर्री अशी साखळी मधून वळवता येत नाही.

एक्का दिसला की आत शिरणे

एक्का-चौकी घेऊन बसायचं आणि टेबलावर एक्का उघडला की खूश व्हायचं, ही दुसरी जुनी सवय. समोर एक्का-राजा असेल तर दोघांची जोडी तीच, पण सोबतचं पान त्याचं मोठं. या दोन हातांच्या लढतीत एक्का-राजावाला चारपैकी जवळपास तीन वेळा जिंकतो. वाईट भाग असा की एक्का उघडला नाही तर तुम्ही थोडं हरता, आणि उघडला तर भरपूर हरता.

मग खेळायचं काय? नऊ जणांच्या टेबलावर सुरुवातीला बोलायची पाळी असेल तर सत्तीच्या जोडीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच रंगाचे एक्का-गुलाम व राजा-राणी. हे शंभर वाटपांत सहा-सात वेळा येतं. मधल्या जागेवर लहान जोड्या, कोणत्याही रंगाचे एक्का-गुलाम आणि राजा-राणी, तसंच एकाच रंगाचे एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी धरा. मग शंभरात बारापर्यंत जाल. डीलरचं बटण (वाटणारा कोण ते दाखवणारी खूण) तुमच्यासमोर असेल आणि आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली असतील तर शंभरात पंचवीस-तीस हात खेळले तरी चालतं, कारण पुढच्या प्रत्येक फेरीत तुम्ही शेवटी बोलता. सगळ्यांनी काय केलं ते बघून ठरवायला मिळणं ही पोकरमधली फार मोठी सोय आहे. सहा जणांच्या टेबलावर या याद्या थोड्या सैल करा.

दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या जोड्या एकाच कामाच्या: फ्लॉपला तिसरं पान लागलं तर ठीक, नाही तर सोडून द्यायच्या. तिसरं पान साधारण साडेआठात एकदा लागतं. म्हणून समोरच्याकडे तुम्ही भरणार त्याच्या निदान पंधरापट चिप्स असतील तरच अशा जोडीवर कॉल करा.

‘ब्लाइंड भरलाय, आता बघूच’

तीनपत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं, आणि ते स्वस्त पडतं. पोकरमधला ब्लाइंड ही वाटपाआधी पाळीपाळीने दोघांनी सक्तीने भरायची रक्कम आहे: एकाचा लहान (स्मॉल), दुसऱ्याचा मोठा. पानं बघायला कोणी जादा घेत नाही, म्हणून न बघता खेळण्यात फायदा शून्य. भरलेला ब्लाइंड पॉटचा, म्हणजे मधल्या ढिगाचा झाला, तो आता तुमचा राहिला नाही. स्मॉल ब्लाइंडवरून ‘अर्धा तर भरलाच आहे’ म्हणत राणी-तिर्री घेऊन आत जाणारा पुढच्या तिन्ही फेऱ्यांत सगळ्यांच्या आधी बोलतो, आणि तिथेच अडकतो.

साईड शोसुद्धा विसरा. पोकरमध्ये शेजाऱ्याची पानं गुपचूप बघून एकाला बाहेर काढायची सोय नाही. फोनवर कॉन्फरन्स लावून ‘मी राजा टाकला’ असं सांगणं तर सरळ फसवणूक आहे. मित्रांचं टेबल असेल तर डाव चालू असताना पानांबद्दल बोलायचं नाही, हा नियम आधीच ठरवा.

नुसता कॉल करत राहणे

ब्लाइंड १०/२० (लहान १०, मोठा २०) असताना पहिल्यांदा आत येताय, तर रेझ करा, म्हणजे रक्कम ५० ते ६० वर वाढवा. आधी कोणी नुसता कॉल करून बसला असेल तर प्रत्येकामागे आणखी २० वाढवा. फुकट चिप्सच्या टेबलावर ६० ला चार-पाच जण हसत कॉल करतात. तिथे ८० ते १०० करा. कारण दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध शंभरात ८५ वेळा जिंकतात, पण समोरचे चार जण शेवटपर्यंत राहिले तर ५६ वेळाच. एक्क्यांची जोडी २२१ वाटपांत सरासरी एकदा येते. ती नुसत्या कॉलवर गर्दीत घालवणं म्हणजे घरात आलेली लक्ष्मी परत पाठवणं.

अशा टेबलावर हूल देणं, म्हणजे ब्लफ, जवळजवळ बंद ठेवा. ज्याला पानं टाकायचीच नाहीत त्याला घाबरवता येत नाही. चांगली पानं असताना मात्र पॉटच्या दोन तृतीयांशापासून पूर्ण पॉटापर्यंत डाव लावा. ते कॉल करतात.

पहिल्याच डावापासून दर वेळी ऑल-इन करणाराही एखादा भेटतो. त्याच्यावर चिडून दश्शी-अठ्ठीने कॉल करू नका. नव्वीची किंवा त्यावरची जोडी, एक्का-राजा, एक्का-राणी यांची वाट बघा. नव्वीची जोडी कुठल्याही दोन पानांविरुद्ध शंभरात ७२ वेळा जिंकते, एक्का-राजा ६५ ते ६७ वेळा. तुमच्या आधी आणखी कोणी त्याला कॉल केला असेल तर यादी आणखी आवळा. आणि हरलात तरी कॉल बरोबरच होता हे पक्कं धरा. शंभरात २८ वेळा हरणं ठरलेलंच आहे.

कलरच्या आशेवर चिप्स ओतणे

हातात दोन इस्पिक, फ्लॉपला दोन इस्पिक. उरलेली इस्पिकं नऊ. झटपट हिशेब असा: दोन पानं यायची असतील तर कामाची पानं गुणिले चार, एकच यायचं असेल तर गुणिले दोन. नऊ पानांना ३६ आणि १८ येतात; खरे आकडे ३५ आणि १९ टक्के. दोन्ही टोकांनी लागणाऱ्या सिक्वेन्सला आठ पानं, मधलं एकच पान हवं असेल तर चार.

आता किंमत बघा. पॉटमध्ये ३०० आहेत, समोरच्याने १५० लावले. तुम्ही १५० भरले की पॉट ६०० होतो, म्हणजे निदान २५ टक्के शक्यता हवी. पुढच्या एका पानाला तुमच्याकडे १९ आहे. दोघांकडेही मागे फार चिप्स उरल्या नसतील तर सोडा. त्याने ७५ च लावले असते तर ४५० च्या पॉटला ७५, म्हणजे १७ टक्क्यांच्या आत, खुशाल भरा. आणि तो १५० लावून ऑल-इन झाला असेल तर दोन्ही पानं त्याच किमतीत दिसतात, ३५ टक्के धरायचे, कॉल बरोबर. पानं तीच असूनही उत्तर बदललं. हा हिशेब पाठ झाला की खेळ पहिल्याच आठवड्यात सुधारतो, इतका तो मोलाचा आहे.

सगळ्या चिप्स घेऊन एकाच टेबलावर

ॲपने २०,००० चिप्स दिल्या म्हणून १००/२०० च्या टेबलावर बसू नका. बसताना मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट न्या, आणि अशा निदान वीस खेपा होतील असं टेबल निवडा. २०,००० ला ५/१० चं टेबल, खेप १,००० ची. दोन खेपा गेल्या की त्या दिवशी उठा. हरलेलं लगेच भरून काढायला दुप्पट टेबलावर जाणारा बहुधा उरलेलंही ठेवून येतो.

स्पर्धेचं गणित वेगळं. १,५०० चिप्स आणि १०/२० ब्लाइंड म्हणजे ७५ ब्लाइंड. सुरुवातीला सबुरी ठेवायला जागा आहे. पण ब्लाइंड वाढत जातात. चिप्स दहा ब्लाइंडच्या खाली आल्यावर छोटे रेझ बंद करा: ऑल-इन किंवा फोल्ड, म्हणजे पानं टाकणं. इथे वाट बघत बसणं हीच चूक ठरते.

फोन, नेट आणि बटणं

‘कॉल एनी’वर आधीच टिक करून ठेवू नका. कोणी ऑल-इन केलं तरी तो कॉल लागतो. ‘चेक किंवा फोल्ड’ची टिक निरुपद्रवी असते; चेक म्हणजे काही न भरता पाळी पुढे देणं. रेझची पट्टी बोटाने ओढताना शेवटाला सरकते; आकडा टाइप करा, किंवा अर्धा पॉट, पूर्ण पॉट अशी तयार बटणं लावून घ्या.

उन्हात बदाम आणि चौकट लाल-लाल सारखेच दिसतात, इस्पिक-किलवरचंही तेच. सेटिंगमध्ये चाररंगी पत्ते असतील तर चालू करा. बहुतेक ॲपमध्ये मग किलवर हिरवं आणि चौकट निळी होते. कलर आहे असं समजून लावलेले डाव यानेच वाचतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो तेव्हा फोन तापून मंद होतो, स्क्रीन आपोआप अंधारते. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, मागची ॲप बंद करा. लाईट गेली की वायफायही जातं आणि फोन मोबाइल डेटावर उडी मारतो. त्या पाच-दहा सेकंदांत तुमची पाळी असेल तर एक्क्यांची जोडीसुद्धा फोल्ड होते. लाईटचा भरवसा नसेल तर सुरुवातीपासून डेटावरच खेळा. रात्रपाळीच्या लाईटवर पंप चालू करायला जो शेतात बसतो, त्याने स्पर्धा लावूच नये. मध्ये उठावं लागलं तर स्पर्धेत ब्लाइंड कापले जात राहतात. साध्या टेबलावर ‘सिट आउट’ दाबून जाता येतं, आणि परत आल्यावर मोठा ब्लाइंड आपल्यापर्यंत येईस्तोवर थांबायचा पर्याय निवडला की जादा भरावं लागत नाही.

खेळून झाल्यावर ॲपमधला डावांचा इतिहास उघडा. सगळ्यात जास्त चिप्स गेलेले तीन डाव काढा आणि प्रत्येकात बघा: टेबलावर कोणत्या जागी होतात, पानं वरच्या यादीतली होती का, आणि शेवटच्या कॉलला किती टक्के लागत होते. पानं यादीबाहेरची निघाली तर पुढचं तपासायची गरज नाही, चूक तिथेच सापडली.