बीपी मोजायला येताना चहा घेऊन येऊ नका

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका गुणांनी मोजणारी प्रश्नावली, भरायचा आणि त्याला उपकेंद्रात बीपी-शुगर तपासायला न्यायचं, हे आमच्या कामातलं एक काम. दारात उभी राहिले की उत्तर ठरलेलं असतं : "मला काय झालंय? साधं डोकंसुद्धा दुखत नाही माझं."

बीपी दुखत नाही, तीच अडचण आहे. माझे वडील सकाळी धडधाकट शेतात गेले आणि दुपारी उजवा हात लुळा पडला. त्यांचं बीपी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं गेलं ते त्या दिवशी, दवाखान्यात. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं होतं की, बीपी असलेल्या ३० ते ७९ वयाच्या माणसांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांना आपल्याला ते आहे हेच ठाऊक नाही.

तेव्हा आधी घरीच टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की आमच्या फॉर्ममध्ये गुण चढायला लागतात. आईवडिलांना किंवा भावंडांना बीपी, शुगर, हृदयविकार असेल, दारू असेल, आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा कमी हालचाल असेल, तरी गुण चढतात. एकूण चारच्या वर गेले तर तुमची तपासणी इतरांच्या आधी. पण चारच्या आत असलात तरी मोजून घ्याच.

तंबाखूचा प्रश्न मी सरळ विचारत नाही. बायका "छे" म्हणतात. मग मी विचारते, "मावशी, दात कशानं घासता?" मावशी पदराआडून डबी काढतात. मशेरी! ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि दिवसातून चारदा लागते.

मिठाचं एक सोपं गणित करा. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा निदान पन्नास दिवस पुरला पाहिजे. पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतलं मीठ त्यात आलेलंच नाही, हे लक्षात ठेवा. आणि सैंधव हेही मीठच आहे.

मोजायला येताना अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी नको. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर सैल घालून या, वर सरकवून करकचायची नाही. यंत्र चालू असताना गप्प बसा. पिकाच्या भावाची चर्चा सुरू झाली की आकडा वर जातो, हे मी रोज बघते. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

एकदा जास्त आलं म्हणून घाबरू नका. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. उपकेंद्रात पुन्हा वरचा १४० किंवा खालचा ९०, किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांना दाखवा. घरच्या यंत्रावर हीच हद्द १३५ आणि ८५ धरतात. गुडघ्यासाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात असाल तर तेही सांगा, त्यांनी बीपी वाढू शकतं.

गोळी सुरू झाली आणि आकडा १२५ वर आला की आमच्याकडे लोक आपणच गोळी बंद करतात. आकडा उतरलाय तो त्या गोळीमुळे. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

१८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर आकडा बघत बसायचंच नाही. लगेच १०८ ला फोन करायचा.